जपानी धाटणीचा अंबाडा दोन तासांत कलतो? वरच्या पिना सोडा, मूळ तपासा

तक्रार ठरलेली असते. आरशासमोरून उठताना सगळं झकास: बाजू फुगलेल्या, माथ्यावर अंबाडा ताठ, कानामागे कापडी फुलांची कानझाशी, म्हणजे केसांत खोचायचा जपानी काटा. मग जिने, फोटो, वाकून नमस्कार, जेवण. दोन तासांनी अंबाडा मानेकडे झुकलेला, उजवी बाजू बसलेली, फुलं घसरून कॉलरला टेकलेली. पुढच्या वेळी आणखी डझनभर पिना आणि अर्धा डबा स्प्रे. निकाल तोच, वर डोकेदुखी फुकट.

आधी कोणत्या केशरचनेबद्दल बोलतोय ते स्पष्ट करते. जुनी पारंपरिक जपानी केशरचना म्हणजे निहोनगामी. ती मेण-तेलाच्या घट्ट मलमावर उभी असते आणि ती घालणारे कारागीर आता जपानातही मोजके उरलेत. आपण जे करतो ते तिचं सोपं, आधुनिक रूप. जपानात याला शिन-निहोनगामी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रकार रुळला: मलमाऐवजी बॅककोंबिंग (केस मुळांकडे उलटे विंचरून फुगवणं) आणि स्प्रे, पण आकार जुनाच. नव्या वर्षाला, जानेवारीतल्या सज्ञान होण्याच्या समारंभाला आणि शिचि-गो-सान या लहान मुलांच्या सणात सात वर्षांच्या मुलींना तिथे अजूनही हा प्रकार करतात. आपल्याकडे फोटोशूट, कॉस्प्ले, जपानी भाषेच्या वर्गांचे कार्यक्रम असं निमित्त असतं, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत लेकीच्या किमोनोच्या फोटोचं. आकार कुठलाही घेतला तरी बिघाड एकाच जागी होतो.

ती जागा म्हणजे मूळ. जपानी कारागीर त्याला 'ने' म्हणतात: टाळूच्या मागच्या अंगाला बांधलेली पहिली बट. निहोनगामीत केसांचे भाग पाडतात ते असे: पुढचा माएगामी, दोन्ही बाजूंचे बिन, मानेवरचा ताबो, आणि या सगळ्यांच्या मधोमध मूळ. आधी मूळ बांधायचं, मग साधारणपणे ताबो, मग बिन, मग पुढचे केस, असं एकेक करून सगळं त्या मुळाशी आणून बांधायचं. वरचा अंबाडा सगळ्यात शेवटी. म्हणजे अंबाडा, बाजू, मान, सगळ्यांचा भार एकाच गाठीवर. आपल्या सलॉनांत बहुतेक वेळा उलटं होतं. बाजू फुगवून जागच्या जागी पिनांनी टाचायच्या, मागे पोनी घालायची आणि वर तयार अंबाडा बसवायचा. पिना सैल केसांत अडकलेल्या, सैल केस दुसऱ्या सैल केसांत. कोणी कोणाला धरलेलंच नसतं.

आधी हलवून बघा

पिना काढायच्या आधी बिघाड ओळखून घ्या, नाहीतर चांगलं असलेलंही मोडून बसाल. अंबाडा तीन बोटांत धरा आणि हळूच पुढे-मागे हलवा.

अंबाड्याबरोबर डोक्याची कातडी हलतेय? मूळ घट्ट आहे. दोष बाजूंचा किंवा दागिन्याचा.

अंबाडा हलतोय, पण खालची पोनी जागेवर आहे? अंबाडा मुळाशी नीट जोडलेला नाही. हे पिनांचं काम, दहा मिनिटांत सुटतं.

अंबाडा आणि पोनी दोन्ही एकत्र डोक्यावरून सरकतायत आणि कातडी मात्र शांत? मूळ सैल आहे. इथे पिना घालून काही होणार नाही. उघडा आणि पुन्हा बांधा. माझ्याकडे 'सगळं करून बघितलं' म्हणत येणाऱ्या बहुतेकींचा प्रकार हाच असतो.

मूळ का सरकतं

पहिलं कारण रबर. रबर बँड ताणला जातो म्हणून बांधायला सोपा, आणि ताणला जातो म्हणूनच सैल होतो. अंबाड्यात भराव, गंगावन, वर कानझाशी. एवढं वजन सतत मागे ओढत असतं. डोकं वाकलं की ओढ वाढते, रबर थोडा ताणतो, मधले केस एक-दोन मिलिमीटर निसटतात. परत आवळला जातो तेव्हा निसटलेले केस आत येत नाहीत. अशा वीस-पंचवीस वाकण्यांनंतर मूळ बोटभर खाली आलेलं असतं.

जुन्या पद्धतीत इथे मोतोयुई असते, कागद पिळून, खळ लावून केलेली पांढरी दोरी. ती ताणलीच जात नाही. नागानो प्रांतातलं ईदा हे गाव या दोरीसाठी प्रसिद्ध आहे आणि सुमो मल्लांची शेंडी आजही मोतोयुईनेच बांधतात. मल्ल एकमेकांना धडका देतात, मातीत लोळतात, तरी शेंडी डोक्यावर. कारागीर दोरीचं एक टोक दातांत धरतो आणि दुसरं हाताने ओढत वेढे घालतो, कारण दोन हातांत केस धरून शिवाय दोरी आवळायला तिसरा हात माणसाला नाही.

आपल्याला मोतोयुई हवीच असं नाही. कापडी आवरणाच्या चांगल्या रबराने आधी पोनी बांधा, म्हणजे हात मोकळे होतात. मग त्यावर न ताणणारी दोरी घाला: जाड सुती दोरा, काळा गोफ, जाड रेशमी दोरा, काहीही, पण हाताने ओढून बघा आणि लांब होत असेल तर टाकून द्या. सात-आठ वेढे, एकावर एक न घेता शेजारी-शेजारी, पोनीच्या बुडाशी साधारण एक सेंटिमीटर रुंदीत. प्रत्येक वेढा ओढून मगच पुढचा. शेवटी दोन गाठी, टोकं आखूड कापा. वेढ्यांचा हा छोटासा कडक दांडा तयार झाला की पुढे पिना त्यात रोवता येतात. नुसत्या रबरात पिन रोवली तर ती रबरासकट डुलते.

दुसरं कारण जागा. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाला लागून एक तिरकी रेषा मनातल्या मनात मागे न्या. ती डोक्याच्या मधल्या रेषेला जिथे छेदते ती जागा जपानी सलॉनांत गोल्डन पॉइंट म्हणून शिकवतात. ताकाशिमादासारख्या उंच रचनेचं मूळ तिथे किंवा त्याहून जरा वर हवं. आपला हात सवयीने खाली जातो, कारण आपला खोपा, आपला लग्नातला अंबाडा मानेजवळ बसतो. मूळ दोन बोटं खाली गेलं की उंच दिसावा म्हणून अंबाडा वरच्या दिशेने ढकलून टाचावा लागतो, आणि मग तो पहिल्या मिनिटापासून पडण्याच्या तयारीत असतो. मूळ योग्य जागी असेल तर अंबाडा नुसता ठेवला तरी बसतो. पिना न लावता ठेवून बघा, हीच परीक्षा.

तिसरं कारण केस कमी घेणं. बाजू भरदार दिसाव्यात म्हणून सगळे केस बाजूंना देतात आणि मुळाला बोटभर बट उरते. मुळाचा भाग सहा-सात सेंटिमीटर व्यासाचा गोल काढा, सरळ कडेचा. केस विरळ असतील तर त्याहून मोठा. बाजूंचा भरदारपणा भरावाने आणता येतो, मुळाची ताकद भरावाने येत नाही.

आणि बाजू व मान मुळाशी आणताना त्यांची टोकं पिनेने टाचू नका. प्रत्येक भाग मुळापर्यंत विंचरून आणा आणि त्याच दांड्याला दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन बांधा. दरवेळी नवा दोरा. वेळ जातो, पण हीच पंधरा मिनिटं संध्याकाळ वाचवतात.

तेल लावलेले केस, आणि अगदी स्वच्छ केस

जुन्या निहोनगामीत भरपूर तेल असतं, मग आपल्या तेल लावलेल्या केसांवर ती का टिकत नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर तेलाच्या जातीत आहे. तिथे वापरतात ते बिन्त्सुके-आबुरा. हाझे नावाच्या झाडाच्या फळांतून निघणारं मेण, त्यात वनस्पती तेल आणि सुगंध. हे मेण वितळायला पन्नास अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यामुळे डोक्याच्या उबेत ते मऊ होतं पण वाहत नाही. केस एकमेकांना चिकटून राहतात. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांनाच पातळ होतं. डोक्यावर ते कायम द्रवच, म्हणजे घसरगुंडी. दिसायला दोन्ही तेलकट, काम मात्र नेमकं उलट. 'जरा चकाकी येऊ दे' म्हणून हातावर चार थेंब घेणाऱ्या मावशींना आधीच प्रेमाने थांबवा.

दुसरं टोक म्हणजे सकाळी न्हाऊन, कंडिशनर आणि सिरम लावून आलेले केस. तेही घसरतात. जपानी सलॉनं समारंभाच्या आदल्या रात्रीच केस धुऊन, पूर्ण वाळवून यायला सांगतात आणि ट्रीटमेंट, तेल टाळायला सांगतात. तेच पाळा. शाम्पू एकदा नीट, कंडिशनर फक्त टोकांना, सिरम नाही. सकाळी केस धरायला किंचित खरखरीत लागले पाहिजेत. फारच सुळसुळीत असतील तर मुळाच्या भागात आधी ड्राय शाम्पू किंवा टेक्श्चर पावडर टाका आणि मगच फणी घाला. चकाकी हवीच असेल तर सगळी रचना पूर्ण झाल्यावर कडक मेणाचा किंचित अंश तळहातावर चोळून फक्त वरच्या थरावरून फिरवा. ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

एक गोष्ट जुन्या पद्धतीतून जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. रचना सुरू करण्याआधी तिथे गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने केसांच्या मोडी काढतात. भांगाची सवय, रबराची खूण, उशीने पडलेला बाक, सगळं. आपण हे टाळतो आणि मग रोजच्या भांगाच्या जागी बाजू हमखास फाकते. स्ट्रेटनर घेऊ नका, तो केस आणखी सुळसुळीत करतो. केसांच्या मुळांपाशी थोडं पाणी, ब्लो ड्रायर, आणि भांगाच्या दोन्ही दिशांना आलटून-पालटून विंचरणं. पूर्ण कोरडं होऊ द्या.

एक बाजू बसते, किंवा आतला भराव दिसतो

बिन म्हणजे कानांवरचे ते फुगीर पंख. चित्रांत बघून जो आकार आपल्याला मोहात पाडतो तो बहुधा तोरो-बिन असतो, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फॅशनीत आलेला. त्या काळचा चित्रकार उतामारो याच्या चित्रांतल्या बायकांच्या कानांवर केस इतके पातळ पसरलेले असतात की पलीकडचं दिसतं. तो आकार नुसत्या केसांनी उभा राहत नसे. आत बिन-हारी नावाची लवचीक पट्टी असायची, व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्यांपासूनही ती करत. तेव्हा फोटो दाखवून 'असंच पाहिजे, पण आत काही नको' म्हणणाऱ्या मुलीला हे सांगायला हरकत नाही.

आज आपण आत बॅककोंबिंग आणि भराव वापरतो. बाजू बसण्याचं कारण बहुतेकदा बॅककोंबिंग चुकीच्या थरावर केलेलं असणं. बाजूचा भाग उभ्या तीन पडद्यांत वाटा. कवटीजवळचे दोन पडदे आतल्या बाजूने, फणी केसांच्या मुळांकडे दोन-तीनदाच दाबून, गच्च करा. सगळ्यात बाहेरचा पडदा, निदान दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा, अजिबात छेडू नका. तोच झाकण आहे. झाकण पातळ ठेवलं की तासाभरात आतलं जाळं डोकावतं, आणि ते लपवायला वरून विंचरत गेलं की आतली उभारी मोडते.

भराव घालताना जाळी हवी. नुसता लोकरीसारखा भराव केसांच्या आत फिरतो आणि एका बाजूला गोळा होतो. जुन्या गंगावनाचे तुटके तुकडे असतील तर तेच उत्तम: केसांचाच भराव, आपल्याच रंगाचा, आणि पिन त्यात नीट रुतते. पातळ जाळीत भरून लांबट केळीच्या आकाराच्या दोन वळ्या करा, दोन्ही एकाच वजनाच्या. खरंच तराजूवर ठेवा. नजरेला सारख्या दिसणाऱ्या वळ्या निम्म्या वेळा सारख्या नसतात, आणि 'नेहमी उजवीच बाजू बसते' याचं गूढ तिथेच उकलतं. (दुसरं गूढ: मोबाइल कानाला लावण्याची बाजू.)

आपल्या केसांबद्दलही एक. पूर्व आशियाई केस सर्वसाधारणपणे जाड आणि आडव्या छेदात अधिक गोल असतात, म्हणून ते वळवल्यावर ताठ उभे राहतात. आपल्याकडे अनेकींचे केस त्यापेक्षा मऊ. जपानी व्हिडिओत फक्त हॉट रोलर लावून मिळालेली उभारी आपल्याला तेवढ्याने मिळेलच असं नाही. केसांच्या मुळांपाशी चार-पाच सेंटिमीटर क्रिम्पिंग (गरम यंत्राने बारीक नागमोडी चुण्या) करा, झाकणाचा पडदा सोडून. मऊ केसांना त्याहून चांगला पाया मला अजून सापडलेला नाही.

जुलैत बिघडतं, जानेवारीत नाही

उष्णतेने दिलेला आकार केसांतल्या हायड्रोजन बंधांवर टिकतो, आणि हे बंध पाण्याने सुटतात. हवेतला दमटपणा पुरेसा असतो. मुंबईचा पावसाळा असो की तोक्योतला युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घालून फटाके बघायला जायचा उन्हाळा, कर्ल करून मिळवलेला फुगवटा संध्याकाळपर्यंत राहणार नाही. अशा दिवसांत आकार केसांवर सोडू नका, भरावावर सोडा. जाळीतल्या भरावाचा आकार दमटपणाने फारसा बदलत नाही. केसांनी फक्त त्यावर पांघरायचं. उंचीही कमी ठेवा. युकातावर तसाही छोटा, हलका अंबाडा शोभतो. त्यावर नवरीची उंच ताकाशिमादा चढवणं म्हणजे नऊवारीवर हेल्मेट.

स्प्रेबद्दल थोडक्यात: वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ थर, वाळू द्या, मग पुढचा. जवळून मारलेला स्प्रे केस आधी ओले करतो, आणि बॅककोंबिंग ओलं झालं की खाली बसतं.

पिना: कोणती कुठे

जपानी सलॉनात पिनांचे प्रकार कामानुसार वेगळे ठेवतात. आपली साधी काळी बॉब पिन म्हणजे त्यांची आमेपिन, चिमटीत पकडणारी. ओनीपिन म्हणजे राक्षसपिन: जाड, लांब, दोन पायांची, मोठा भार तोलायला. बारीक केपिन सुटे केस आत ढकलायला. आपल्याकडचे जुने जाड आकडे ओनीपिनचं काम बऱ्यापैकी करतात. आजीच्या डब्यात असतील तर टाकू नका, आता मिळणारे त्यापुढे फारच लेचेपेचे.

नेहमीची गडबड ही की अंबाडा पूर्णपणे बॉब पिनांनी लावलेला असतो. बॉब पिनेची चिमटी पातळ थरासाठी आहे. जाड अंबाड्यात ती फाकते, आणि फाकलेली पिन बाहेरच सरकत राहते. अंबाडा मुळाला जोडायला चार जाड आकडे पुरतात, जर ते योग्य रोवले तर. आकडा अंबाड्याच्या कडेला, डोक्याला काटकोनात उभा धरा. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस दोन पायांत घ्या. आता आकडा आडवा वळवा आणि मुळाच्या त्या दोऱ्याच्या दांड्याकडे ढकला. दांड्यात रुतल्याचं हाताला कळतं. एक बारीक अडखळ लागते आणि मग पुढे जात नाही. ती अडखळ लागली नाही तर आकडा काढून परत लावा. चारही दिशांनी असे चार, समोरासमोर.

बॉब पिन बाजूंसाठी वापरताना नागमोडी बाजू डोक्याकडे, आणि जिथे ताण येतो तिथे दोन पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवून. दहापेक्षा जास्त बॉब पिना लागत असतील तर थांबा. कुठेतरी खाली काहीतरी बांधायचं राहिलंय.

कानझाशी घसरते

कानझाशीकडून अंबाडा धरून ठेवण्याची अपेक्षा करू नका. एका काडीवर गुंडाळलेला घरगुती अंबाडा वेगळा, तिथे काडीच आधार असते. निहोनगामीच्या धाटणीत अंबाडा आधीच पक्का असतो आणि कानझाशी त्यावर पाहुणी.

ती घसरते कारण ती फुगवट्यात खोचलेली असते. बिनच्या आत पोकळी; काटा तिथे कशाला धरणार? कापडाचे छोटे चौकोन दुमडून केलेली त्सुमामी-झाइकुची फुलं दिसायला हलकी असतात, पण गुच्छ मोठा आणि त्याला लोंबत्या माळा असल्या की वजन काट्याच्या बाहेरच्या टोकाला येतं आणि तो उपटला जातो. काटा फुगवट्याच्या बुडाशी, जिथे बाजूचे केस मुळाकडे वळतात तिथे घाला: आधी उभा, मग वळवून आडवा, आकड्यासारखाच. काट्याला आधी बारीक काळा रबर किंवा दोऱ्याचे वेढे देऊन खरबरीत करून घेतलं तर आणखी बरं. गुच्छ फारच जड असेल तर मागून बॉब पिनेने काटा अडकवा, ती दिसत नाही.

फुलं निवडताना हेही बघा, कारण ओळखणारे ओळखतात: क्योतोच्या माइकोंची (शिकाऊ गेइशांची) फुलं महिन्यागणिक बदलतात. एप्रिलला साकुरा, मेला विस्टेरिया, ऑक्टोबरला शेवंती, नोव्हेंबरला मेपलची लाल पानं. आणि रचनाही वयानुसार. नवी माइको वारेशिनोबु घालते, ज्यात अंबाड्यात लाल कानोको, म्हणजे ठिपक्यांच्या बांधणीचं कापड दिसतं; पुढे वाढलेली माइको ओफुकु. बुन्किन ताकाशिमादा नवरीची. आपल्या फोटोशूटला कोणी हटकणार नाही, पण जपानी पाहुणे असलेल्या कार्यक्रमात अविवाहित मुलीच्या डोक्यावर मारुमागे, म्हणजे पूर्वी लग्न झालेल्या बायकांची रचना, चढवलेली पाहून ते सभ्यपणे हसतील एवढंच. खऱ्या रचना मागच्या बाजूने बघायच्या असतील तर क्योतोतल्या यासुइ कोम्पिरागू देवळाचा कुशी मात्सुरी, म्हणजे कंगव्यांचा उत्सव, सप्टेंबरच्या चौथ्या सोमवारी असतो. वेगवेगळ्या काळांतल्या केशरचना स्वतःच्या केसांवर करून बायका मिरवणुकीत चालतात. आपल्याला लागणारी सगळी माहिती त्यांच्या पाठीमागे चालताना मिळते.

मानेवरचे केस कॉलरला लागतात

किमोनोची कॉलर मानेपासून मागे ओढलेली असते, साधारण मुठीएवढी जागा राहील अशी. ताबो लोंबला की या जागेत शिरतो, कॉलरला घासतो, तेल-स्प्रेचे डाग पडतात आणि मान वळवली की अख्खी रचना उचकटते. मानेवरचे केस मुळाशी बांधताना डोकं किंचित पुढे झुकवलेलं असू द्या. डोकं सरळ ठेवून बांधलं तर वाकल्यावर ताण येतो, डोकं मागे टाकून बांधलं तर सरळ झाल्यावर ताबो लोंबतो. हे इतकं साधं आहे, पण खुर्चीत बसलेली मुलगी आरशात बघायला हनुवटी वर करतेच. मोबाइल मांडीवर ठेवायला द्या, मान आपोआप खाली जाते.

आणि केस आधी, किमोनो नंतर. म्हणून केसांना बसताना पुढून बटणं असलेला शर्ट घालूनच बसवा. गळ्यातून काढायचा टी-शर्ट घालून आलेल्या मुलीची तयार रचना कात्रीने टी-शर्ट कापून वाचवावी लागते.

डोकं दुखत असेल तर

दुखणं दोन प्रकारचं. एका ठिकाणी टोचत असेल तर ती पिन काढा, बस्स. पण मुळाभोवती सगळीकडे ओढ जाणवत असेल, भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील, तर मूळ घट्ट नसून केस ताणलेले आहेत. घट्ट वेढे आणि ताणलेली कातडी या वेगळ्या गोष्टी. पोनी बांधल्यावर, दोरा घालायच्या आधी, मुळाभोवतालची कातडी बोटांनी गोल चोळून सैल करून घ्या आणि मग वेढे आवळा. वेढ्यांनी केसांना केसांशी बांधायचं आहे, कवटीला नाही.

याकडे दुर्लक्ष करू नका. माइको स्वतःच्या केसांची रचना आठवडाभर ठेवतात, ती मोडू नये म्हणून उंच उशीवर मान टेकवून झोपतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढीने अनेकींच्या टाळूवर टक्कल पडतं. जपानात १८८५ साली सुटसुटीत केशरचनेच्या प्रसारासाठी बायकांच्या केशरचनेची एक संघटनाच निघाली, फुजिन सोकुहात्सु-काई. जुनी रचना गैरसोयीची, अस्वच्छ आणि खर्चिक आहे हे तिचं म्हणणं. त्यामुळे परंपरा म्हणून दुखणं सोसायची गरज नाही. सात वर्षांच्या मुलीला तर अजिबात नाही. लहान मुलींना मूळ सैलसर, अंबाडा छोटा, आणि फोटो झाले की लगेच सोडा.

आधीच कललाय आणि अजून दोन तास काढायचेत

वरून पिना खुपसू नका. कार्यक्रमात असताना करायचं ते एवढंच: बाथरूममध्ये मान पुढे झुकवा, अंबाडा हाताने पहिल्या जागी आणा. अंबाड्याच्या खालच्या कडेला, मानेच्या बाजूने, दोन जाड आकडे वरच्या-पुढच्या दिशेने, मुळाच्या दांड्यात रोवा; तिरके, एकमेकांना छेदणारे. हे दोन आकडे खालून टेकू देतात. जड कानझाशी काढून पर्समध्ये टाका. बसलेली बाजू शेपटीच्या फणीच्या टोकाने आतून उचला, बाहेरून हात लावू नका. जाड बोथट सुई आणि काळा दोरा जवळ असेल तर अंबाडा मुळाला चार टाके घालून सरळ शिवून टाकता येतो. वेडेपणा वाटेल, पण मंचावर जायचं असेल तेव्हा मी हे पहिल्यापासूनच करून देते.

केस खांद्याच्या वर असतील तर हे सगळं करण्याआधी गंगावन घ्या. जपानातही कामोजी म्हणून हेच लावतात, त्यात कमीपणा नाही. मुळाच्या पोनीत ते आधी बांधा, दोऱ्याचे वेढे दोन्हींवर मिळून घाला. वरून पिनेने लावलेलं गंगावन अंबाड्यासकट उतरतं.

सोडताना घाई करू नका, अर्धे केस तिथेच तुटतात. आधी दागिने, मग सगळ्या पिना मोजून. जितक्या लावल्या तितक्या निघाल्या पाहिजेत, म्हणून लावतानाच संख्या लिहून ठेवा. मग दोरे, छोट्या कात्रीने, केसांपासून लांब धरून. भराव काढा. बॅककोंबिंग केलेल्या भागाला कोरडी फणी लावायची नाही: आता हवं तेवढं खोबरेल किंवा कंडिशनर चोपडा, दहा मिनिटं थांबा, आणि टोकांकडून सुरू करत वर या. मेण वापरलं असेल तर पाणी लावण्याआधीच तेल चोळा, मेण तेलात सुटतं. मग दोन वेळा शाम्पू.